ठासणीच्या पिस्तुलाचा पुनर्जन्म

उत्तर इटलीत ब्रेशा नगरापासून मेल्ला नदीच्या काठाने वर चढत गेले की दोन्ही बाजूंचे डोंगर हळूहळू जवळ येऊ लागतात आणि गार्दोने व्हाल त्रोम्पिया हे वस्तीने लहान, परंतु लौकिकाने मोठे गाव लागते. खोऱ्याच्या वरच्या अंगास लोखंडाच्या खाणी, उतारावर कोळसा पाडण्यास विपुल लाकूड आणि तळाशी भाते व घण चालविण्याइतके वाहते पाणी, अशी त्रिविध अनुकूलता निसर्गानेच दिलेली असल्यामुळे व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने आपल्या शस्त्रागाराची भिस्त शतकानुशतके या खोऱ्यावर ठेवली होती. १५२६ साली बार्तोलोमेओ बेरेत्ता या कारागिराने त्या शस्त्रागारास तोड्याच्या बंदुकांच्या १८५ नळ्या पुरविल्या आणि त्यापोटी त्यास २९६ डुकाट पावले, असा दाखला आजही जपून ठेवलेला आहे. राज्ये आली आणि गेली, व्हेनिस लयास गेले, नेपोलियन व ऑस्ट्रिया यांची सत्ता येऊन ओसरली. परंतु बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून उमेदवाराकडे चालत आलेला बंदुका घडविण्याचा हुन्नर या खोऱ्यातून कधी उठला नाही. अशा या गावाने १९५८ च्या सुमारास एक विलक्षण काम अंगावर घेतले. ज्या अमेरिकी पिस्तुलाचे उत्पादन ८५ वर्षांपूर्वीच बंद पडले होते, ज्यात काडतूस घालता येत नाही, ज्याच्या प्रत्येक कप्प्यात समोरून दारू आणि शिशाची गोळी ठासावी लागते, ते पिस्तूल नव्याने, हुबेहूब आणि उडविण्याजोगे घडवून देण्याचे ते काम होते.

प्रतिकृती या वस्तूकडे पाहण्याची आपली सर्वसाधारण दृष्टी अनादराची असते. अस्सलापुढे नक्कल ती हलकी, असे आपण विचार न करताच धरून चालतो. जुन्या शस्त्रांपुरते तरी हे मत मला मान्य नाही. संग्रहालयाच्या काचेआड ठेवलेले पिस्तूल त्याचा आकार, त्याची कोरीव नक्षी आणि त्यावरील कालाची झीज एवढे सांगते. परंतु ते भरण्यास किती वेळ लागे, हातात त्याचा तोल कसा राही, धूर किती होई, कोणत्या चुकीने ते मालकाच्याच हाताला दगा देई, आणि यावरून त्या काळच्या सैनिकाचे लढणे कसे घडत असे, हे ते सांगू शकत नाही. हे सांगण्यासाठी ते चालवावे लागते, आणि शंभर वर्षांच्या अस्सल वस्तूला चालविणे म्हणजे तिचा नाश ओढवून घेणे होय. गार्दोनेच्या कारागिरांनी अस्सलाला काचेआड सुखरूप राहू दिले आणि त्याची विद्या मात्र पुन्हा माणसांच्या हातात आणून दिली. त्यांचे हे श्रेय समजण्यास मूळ वस्तूचा वृत्तांत आधी पाहिला पाहिजे.

तो वृत्तांत आपल्या कलकत्त्याला स्पर्श करून जातो. १८३० च्या ऑगस्टमध्ये ‘कोर्व्हो’ नावाचे जहाज बोस्टनहून कलकत्त्यास निघाले आणि त्यावर हार्टफर्डचा एक सोळा वर्षांचा मुलगा खलाशाच्या कामावर चढला. त्याचे नाव सॅम्युअल कोल्ट. जहाजाच्या चक्राचे किंवा नांगर ओढण्याच्या रहाटाचे फिरणे आणि ठराविक जागी अडकणे पाहून त्याला फिरत्या कप्प्यांच्या पिस्तुलाची कल्पना सुचली, असे पुढे तो स्वतःच सांगत असे. हिंदुस्थानात त्याने इंग्रज अंमलदारांजवळ कॉलिअरच्या बनावटीची फिरती चकमकी शस्त्रे पाहिली असावीत, असा तर्क काही इतिहासकार करतात. कल्पनेचे मूळ कोठेही असो, या सफरीत त्याने चाकूने लाकूड तासून जो नमुना केला तो हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ संग्रहालयात जपलेला आहे, आणि घोडा मागे ओढताच पुढला कप्पा नळीसमोर येऊन तेथे पक्का अडकावा, हे या शोधाचे सारसर्वस्व त्यात उतरलेले आहे.

ही कल्पना व्यवहारात येण्यास आणखी एका शोधाची अनुकूलता लागली. चकमकीच्या बंदुकीत गारेची ठिणगी उघड्या रंजकावर पडावयाची, आणि पाऊस किंवा वारा असला की सारा खेळ संपावयाचा. स्कॉटलंडातील बेल्हेल्व्ही गावचा पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ याने आघाताने पेटणाऱ्या रसायनांचा या कामी उपयोग करून १८०७ साली त्याचे पेटंट घेतले, आणि पुढील दोन दशकांत त्यातून तांब्याची ती चिमुकली टोपी सिद्ध झाली जिला आपल्याकडचे शिकारी केप म्हणतात. प्रत्येक कप्प्याच्या मागे एक पोकळ बोंडी, बोंडीवर केप, केपावर घोड्याचा आघात, आणि बोंडीतून आत शिरणाऱ्या ज्वाळेने पेटलेली दारू, अशी सोय झाल्यावर पाच-सहा कप्प्यांचे चक्र बेधडक फिरविता येऊ लागले.

२५ फेब्रुवारी १८३६ रोजी कोल्टला अमेरिकेचे पेटंट मिळाले. न्यू जर्सीतील पॅटर्सनचा त्याचा पहिला कारखाना १८४२ साली बुडाला; त्या अपयशाच्या हकिकतीत येथे शिरण्याचे कारण नाही. त्याला पुन्हा उभे केले ते टेक्सासच्या सरहद्दीवरील युद्धांनी. पॅटर्सनची पिस्तुले घेऊन टेक्सासचे स्वार कोमान्चे लोकांशी लढले होते, आणि एक बार उडताच हाती काही न उरण्याचा जुना काळ त्यांच्यापुरता संपला होता. कोमान्चे लोकांच्या दृष्टीने त्याचा अर्थ त्यांच्या भूमीवरील अखेरच्या आक्रमणाची सुरुवात एवढाच होता, हे विसरून या यंत्राचे कौतुक करणे अन्यायाचे होईल. त्या स्वारांपैकी कॅप्टन सॅम्युअल वॉकर याच्या सूचनेवरून १८४७ साली मेक्सिकोच्या युद्धासाठी एक हजार पिस्तुलांची सरकारी मागणी आली. कोल्टजवळ त्या वेळी स्वतःचा कारखानाही नव्हता, म्हणून ती व्हिट्नी या दुसऱ्या बंदूक कारखानदाराकडे करून घ्यावी लागली. सुमारे दोन किलो वजनाचे आणि कप्प्यात साठ ग्रेन, म्हणजे जवळजवळ चार ग्रॅम, दारू मावणारे ते धूड खोगिराला टांगूनच नेण्याजोगे होते, आणि त्यांतली पुष्कळ चक्रे दारूच्या जोराने फुटली. वॉकर स्वतः त्याच वर्षी ऑक्टोबरात वामांत्लाच्या लढाईत पडला. परंतु कोल्टचे दैव मात्र फिरले.

त्यानंतरच्या पिस्तुलांत जे सर्वांत सुडौल ठरले, ते १८५१ चे ‘नेव्ही’ मॉडेल. सहा कप्पे, साडेसात इंचांची अष्टकोनी नळी, ०.३६ इंचाचा गाळा, अकराशे-बाराशे ग्रॅम वजन आणि अक्रोडाच्या लाकडाची अशी मूठ की पिस्तूल हातात येताच नळी आपोआप डोळ्यांच्या रेषेत येते. चक्राच्या पृष्ठभागावर वॉटरमन ऑर्म्सबी या नोटा कोरणाऱ्या कारागिराचे चित्र दाबून उठविलेले असे: १६ मे १८४३ रोजी कांपेचेच्या समुद्रात टेक्सासच्या आरमाराने मेक्सिकोशी दिलेली झुंज. आरमाराच्या याच चित्रावरून त्याला नेव्ही हे नाव पडले, परंतु घोड्यावरच्या व पायदळातल्या लोकांनीच ते अधिक वापरले. १८७३ पर्यंत कोल्टच्या हार्टफर्डच्या कारखान्यात दोन लाखांवर आणि लंडनच्या पिम्लिको भागातील अल्पायुषी कारखान्यात सुमारे ४२ हजार नेव्ही पिस्तुले निघाली. १८५१ च्या नोव्हेंबरात कोल्टने लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे निबंध वाचला, तो शस्त्राच्या धाकाविषयी नसून यंत्रांनी एकसारखे भाग घडविण्याच्या पद्धतीविषयी होता. वास्तविक त्याचे भाग पूर्णपणे अदलाबदलीचे झालेले नव्हते आणि जुळणीत कानशीचा हात फिरवावाच लागे. तरीही यंत्रयुगाची ती घोषणा युरोपाने ऐकली.

नक्कल करण्याची परंपराही तेव्हापासूनचीच आहे, आणि गार्दोनेवर कृत्रिमतेचा आरोप करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. बेल्जममधील लिएझच्या कारागिरांनी कोल्टच्या परवान्याने आणि परवान्यावाचूनही नेव्हीच्या प्रती काढल्या. अमेरिकेतील यादवी युद्धात दक्षिणेच्या राज्यांना हार्टफर्डचे दार बंद झाल्यावर जॉर्जियातील ग्रिस्वोल्डव्हिल येथे सॅम्युअल ग्रिस्वोल्ड याने सरकी काढण्याची यंत्रे करणाऱ्या आपल्या कारखान्यात नेव्हीची नक्कल सुरू केली. पोलादाची टंचाई असल्यामुळे सांगाडा पितळेचा ओतला गेला, आणि देवळांच्या घंटांचेही पितळ त्यात वितळले. सुमारे साडेतीन हजार पिस्तुले तेथे निघाली. त्यांवर काम करणारे बहुतेक कारागीर गुलाम होते. ज्या सत्तेने त्यांना बेड्यांत ठेवले तिचेच शस्त्र त्यांच्या कुशल हातांकडून घडवून घेतले गेले, आणि त्या पिस्तुलांवर त्यांच्यापैकी एकाचेही नाव नाही. १८६४ च्या नोव्हेंबरात उत्तरेच्या घोडदळाने तो कारखाना जाळला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत हार्टफर्डचा कोल्टचा कारखानाही आगीच्या भक्ष्यस्थानी पडला होता. पण तो पुन्हा उभा राहिला, ग्रिस्वोल्डव्हिल कायमचे संपले.

त्या युद्धाच्या दारूचा धागा पुन्हा हिंदुस्थानाशी जाऊन मिळतो. काळ्या दारूत पाऊणभर शोरा असतो, उरलेल्यात पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक. आणि त्या काळी जगातील उत्तम शोरा बिहारच्या तिरहूत, सारण भागांतल्या खारट मातीतून नोनिया जातीचे लोक पाण्यात भिजवून, गाळून, कढवून काढीत आणि तो कलकत्त्याच्या बंदरातून बाहेर जाई. १८६१ च्या नोव्हेंबरात उत्तरेच्या सरकारने बंदुकीच्या दारूचा कारखानदार लॅमट ड्यू पाँट यास गुपचूप लंडनला धाडले आणि तेथे मिळेल तो हिंदी शोरा खरेदी करविला. एवढ्यात ‘ट्रेंट’ या ब्रिटिश टपाल जहाजावरून दक्षिणेचे दोन वकील उत्तरेच्या आरमाराने जबरीने उतरवून घेतल्यामुळे इंग्लंड व अमेरिका यांच्यात युद्ध जुंपण्याची वेळ आली आणि ब्रिटिश सरकारने शोऱ्याची रवानगी अडवून धरली. वकील मुक्त झाले, तेव्हाच माल सुटला. वॉशिंग्टनच्या मुत्सद्द्यांना नमते घ्यावयास लावणाऱ्या कारणांत गंगेकाठच्या मजुरांच्या कढयांतला हा पांढरा क्षारही होता, हे आपल्या इतिहासलेखनात क्वचितच नोंदले जाते.

ठासणीच्या पिस्तुलाचे आयुष्य युद्धाने वाढविले, तसेच ते एका कायदेशीर अडथळ्यानेही वाढविले. चक्राचे कप्पे आरपार छेदून मागून काडतूस घालण्याचे पेटंट रोलिन व्हाइट याने ३ एप्रिल १८५५ रोजी घेतले होते आणि त्याचा मक्ता स्मिथ आणि वेसन यांजकडे होता. त्याची मुदत १८६९ मध्ये संपेपर्यंत इतरांना समोरून ठासण्यावाचून गत्यंतर नव्हते. मुदत सरली, आणि १८७३ मध्ये कोल्टने आपले काडतुसी पिस्तूल बाजारात आणून नेव्हीचे उत्पादन थांबविले. सदतीस वर्षांचे एक युग मिटले. जुनी पिस्तुले माळ्यावर, गहाणवटीच्या दुकानांत आणि सैन्याचा टाकाऊ माल विकणाऱ्या वखारींत जाऊन पडली, आणि अर्धशतकभर त्यांना मोडीपलीकडे किंमत उरली नाही.

किंमत आली ती स्मृतीमुळे. १९३३ साली अमेरिकेत ठासणीच्या बंदुकांची राष्ट्रीय संघटना निघाली. १९५० मध्ये यादवी युद्धातील पलटणींची नावे व गणवेश धारण करून त्या काळच्या शस्त्रांनी सांघिक नेमबाजी करणाऱ्या लोकांनी वॉशिंग्टनजवळ पहिला सामना भरविला आणि त्यातून उत्तर-दक्षिण नेमबाजांची संघटना उभी राहिली. १९६१ ते १९६५ हा युद्धाचा शताब्दीकाल जवळ येऊ लागला तसा हा छंद पसरला, आणि एक पेच उभा राहिला. उडविण्यास निघणारे प्रत्येक पिस्तूल शंभरीला टेकलेले. लोखंड गंजाने पोखरलेले, बोंड्या झिजलेल्या, स्प्रिंगा थकलेल्या. त्यात संग्राहकांनी किमती चढविलेल्या. प्रत्येक सामन्यागणिक थोडा थोडा इतिहास खर्ची पडत होता.

या पेचातून वाट काढली न्यू जर्सीच्या व्हॅल फॉर्जेट या तरुण व्यापाऱ्याने. त्याचा साथीदार विल्यम एडवर्ड्स. १९५३ साली कोल्टच्या रिव्हॉल्वरचा विस्तृत इतिहास लिहून तो या विषयातील अधिकारी पुरुष ठरला होता. अमेरिकेत असा जिन्नस करावयाचा तर मजुरीच परवडण्यासारखी नव्हती, आणि कोल्टच्या कंपनीला आपल्या आजोबाच्या वस्तूत त्या वेळी रस नव्हता. दोघांची दृष्टी गार्दोनेकडे वळली. महायुद्धानंतरच्या इटलीत सैन्याच्या मागण्या आटल्या होत्या, खोऱ्यातील छोट्या छोट्या कारखान्यांत कुशल हात कामाची वाट पाहत होते, आणि एका घरी नळी, दुसऱ्या घरी मूठ, तिसऱ्या घरी चाप अशी कामाची वाटणी करून शेवटी सर्व एकत्र जुळविण्याची तेथील जुनी रीत या कामास अत्यंत सोयीची होती. व्हित्तोरिओ ग्रेगोरेल्ली आणि आल्दो उबेर्ती यांनी हे काम पत्करले. उबेर्ती बेरेत्तांच्या कारखान्यात शिकलेला कारागीर होता. १९५९ मध्ये त्याने स्वतःच्या नावाचा कारखाना काढला आणि पुढली सारी हयात याच कामाला वाहिली. फॉर्जेटने आपल्या पेढीचे नाव ‘नेव्ही आर्म्स’ ठेवले, यातच त्याच्या मनात काय होते ते आले.

त्यांनी पहिल्याने हाती घेतली ती दोन पिस्तुले: पोलादी सांगाड्याचे कोल्ट नेव्ही, आणि पितळी सांगाड्याचे ग्रिस्वोल्डव्हिलचे. म्हणजे एकीकडे अस्सलाची नक्कल आणि दुसरीकडे नकलेची नक्कल; परंतु दोन्ही बाजूंच्या गणवेशांतील नेमबाजांना आपापले शस्त्र मिळाले. वाचकाने या कामातील अवघडपणा ध्यानी घ्यावा. मूळ कारखान्याची मापपट्टी, आराखडे, साचे यांतले काहीच गार्दोनेत नव्हते. असलेल्या पिस्तुलांवरून मापे घ्यावयाची, ती मापेही शंभर वर्षांच्या झिजेने बदललेली आणि एका पिस्तुलाची दुसऱ्याशी न मिळणारी. त्यांतून कोल्टच्या कारागिराने मनात धरलेले माप कोणते असेल हे ओळखावयाचे. पहिल्या प्रतींत मुठीचा बाक, चापाच्या कड्याचा आकार, चक्रावरील चित्राची खोली यांत जाणत्याला दिसतील असे फरक राहिले होते, आणि ते पुढे वर्षानुवर्षे सुधारत गेले. धातू मात्र जाणूनबुजून वेगळा घेतला. मूळच्या लोखंडापेक्षा आजचे पोलाद कितीतरी बळकट असल्यामुळे प्रतिकृती अस्सलाहून अधिक सुरक्षित झाली, आणि या एका बाबतीत अप्रामाणिकपणा म्हणजेच शहाणपण होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

इटलीचा कायदा असा की प्रत्येक शस्त्राची विक्रीपूर्वी सरकारमान्य परीक्षागृहात जादा दारूने परीक्षा झाली पाहिजे, आणि गार्दोनेला असे परीक्षागृह आहेच. त्यात उतरलेल्या प्रत्येक प्रतिकृतीवर शिक्का बसतो, फक्त काळ्या दारूसाठी म्हणून ‘पीएन’ ही अक्षरे बसतात, आणि परीक्षेचे वर्ष आधी रोमन अंकांत व १९७५ पासून रोमन अक्षरांच्या जोड्यांत कोरले जाते. पुढे लबाड दुकानदारांनी हे शिक्के घासून, लोखंडाला आम्लाने गंज चढवून नव्या प्रती जुन्या म्हणून खपविल्या, तेव्हा याच शिक्क्यांच्या खुणा शोधून जाणत्यांनी लबाडी उघडकीस आणली. कारागिराने आपली वस्तू नक्कल आहे हे धातूत कोरून सांगितले होते. खोटेपणा विकणाऱ्याचा होता.

आता हे पिस्तूल चालविण्याची रीत पाहू, कारण या छंदाचा सारा रस त्यातच आहे. प्रथम कोऱ्या कप्प्यांच्या बोंड्यांवर केप उडवून आतले तेल जाळून टाकावयाचे, नाहीतर दारू ओलसर होऊन बार फुसका जातो. मग घोडा अर्ध्यावर चढवावयाचा, म्हणजे चक्र मोकळे फिरते. पितळी कुप्यातून मापलेली दारू कप्प्यात ओतावयाची. नेव्हीला वीस ते पंचवीस ग्रेन, म्हणजे दीड ग्रॅमच्या आगेमागे, पुरते. तीवर शुद्ध, मऊ शिशाची गोळी ठेवावयाची. गोळी ०.३७५ इंचाची आणि कप्पा तिच्याहून किंचित अरुंद, म्हणून नळीखालचा ठासणीचा दांडा ओढताच गोळीच्या कडेचे शिशाचे बारीक वळे कातरून निघते आणि गोळी कप्प्यात घट्ट बसते. ते वळे सबंध निघाले म्हणजे कप्पा बंद झाला, हा त्या विद्येतला दाखला. गोळी व दारू यांच्यात पोकळी ठेवू नये. तोंडाशी चरबी लावावी किंवा दारूवर तेलकट नमद्याची चकती घालावी. सर्व कप्पे भरून झाल्यावर, नळीचे तोंड चांदमारीच्या दिशेस ठेवूनच, अगदी शेवटी केप बसवावेत, आणि बाळगावयाचे असेल तर घोडा ज्या कप्प्यावर येतो तो रिकामा ठेवावा. सरावलेल्या हातालाही या सर्व सोपस्कारास काही मिनिटे लागतात, आणि बार मात्र अर्ध्या मिनिटात संपतात. यादवी युद्धातील स्वार भरलेली दोन-दोन, चार-चार पिस्तुले कमरेस व खोगिरास का लावून हिंडत, याचे उत्तर पुस्तकापेक्षा या मिनिटांत अधिक स्वच्छ मिळते.

घोडा पूर्ण चढवून चाप ओढला की प्रथम केपाचा तडतडाट आणि त्याच क्षणी दारूचा भरीव, दबका आवाज येतो, पिस्तुलाला धक्क्याऐवजी रेटा बसतो, आणि समोर गंधकाच्या वासाचा पांढरा ढग उभा राहून लक्ष्य झाकून टाकतो. अशा धुरात शेकडो माणसे उभी केली म्हणजे जुन्या रणवृत्तांतांत मित्र-शत्रू ओळखू न आल्याच्या ज्या हकिकती येतात त्यांवर विश्वास बसतो. नेव्हीवर मागची माशी अशी वेगळी नाहीच. चढविलेल्या घोड्याच्या माथ्यावरील खाच हीच माशी, आणि तिची योजना दूरच्या माऱ्यासाठी असल्यामुळे पंचवीस मीटरवर गोळी नेमाच्या वर लागते. फुटलेल्या केपाची तांब्याची चिरफळी घोड्याखालच्या फटीत पडून चक्र अडते. ती टाळण्यासाठी पिस्तूल किंचित वर करून घोडा चढविण्याची जुन्या लोकांची लकब नव्या नेमबाजांनाही पहिल्या दिवशीच आत्मसात करावी लागली. आणि सर्वांत भयानक प्रसंग म्हणजे एका कप्प्याच्या बाराबरोबर शेजारचे कप्पे एकदम पेटणे. तो सैल बसलेल्या गोळीमुळे समोरून पेट घेतो की सैल केपामुळे मागून, यावर नेमबाजांत दोन पक्ष आहेत आणि दोन्ही पक्षांजवळ अनुभव आहे. म्हणून शहाणा मनुष्य चरबीही लावतो आणि केपही घट्ट बसवितो.

बार संपले म्हणजे काम संपत नाही. जळलेल्या काळ्या दारूचा अर्ध्याहून अधिक भाग घन रूपात मागे उरतो आणि हवेतील ओलावा खेचून रातोरात गंज आणतो. नळीला चक्राच्या आसाशी जोडणारी पाचर ठोकून काढावयाची, पिस्तुलाचे तीन भाग करावयाचे, साबणाच्या कढत पाण्याने प्रत्येक कप्पा आणि प्रत्येक बोंडी धुवावयाची, सुकवून तेल द्यावयाचे. हे त्याच दिवशी झाले पाहिजे. त्याला उद्या नाही. बिनधुराची आधुनिक दारू या पिस्तुलात कणभरही चालत नाही, कारण तिच्या दाबाने चक्र फुटते. जुनी वस्तू घेतली की तिचे जुने नियमही पाळावे लागतात.

शताब्दीच्या काळात मागणी वाढली. पेदेर्सोली, पिएत्ता अशा ब्रेशाच्या आसमंतातील पेढ्या पुढे आल्या. नेव्हीपाठोपाठ १८६० चे आर्मी, रेमिंग्टनचे बंद सांगाड्याचे पिस्तूल आणि अखेर वॉकरचे ते धूडही पुन्हा जन्मास आले. सेर्जिओ लेओने या दिग्दर्शकाने १९६६ च्या आपल्या यादवी युद्धाच्या चित्रपटात क्लिंट ईस्टवुडच्या हाती नेव्ही दिले आणि त्याचा आकार जगभर पोचविला. ते पिस्तूल काडतुसासाठी बदललेले होते आणि कथेच्या काळी तसे बदल झालेच नव्हते, ही इतिहासाची चूक प्रेक्षकांनी आनंदाने पोटात घातली. १९७१ मध्ये खुद्द कोल्टने इटलीहून आणलेल्या भागांची जुळणी करून आपले नेव्ही पुन्हा विक्रीस काढले. मूळ पुरुषाने आपल्या नकलेकडून स्वतःचे रूप परत मागून घेतले, याहून मोठी पावती उबेर्तीला कोणती मिळावयाची होती?

कायद्यानेही या वस्तूची स्वतंत्र जात मानली. अमेरिकेत केनेडी बंधू व मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्यांनंतर १९६८ साली जो शस्त्रकायदा झाला त्याने १८९८ पर्यंतची शस्त्रे आणि काडतूस न घेणाऱ्या त्यांच्या प्रतिकृती यांना वगळले. स्कॉटलंडात डनब्लेन येथील शाळेत १९९६ च्या मार्चमध्ये सोळा बालके व त्यांच्या शिक्षिका यांची हत्या झाल्यावर ब्रिटनने पुढील वर्षी दोन कायद्यांनी पिस्तुले जवळजवळ समूळ बंद केली. परंतु समोरून ठासावयाची पिस्तुले परवान्यावर ठेवण्यास मुभा राहिली, आणि अनेक नेमबाज आपली आधुनिक पिस्तुले जमा करून या जुन्या विद्येकडे वळले. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्रकायद्यान्वये पुराणवस्तू म्हणून सूट मिळते ती उडविताच न येणाऱ्या शस्त्राला. उडणारी प्रतिकृती ठेवावयाची तर परवाना हवाच. मला ही तरतूद योग्य वाटते. काळ्या दारूने उडालेली गोळीही माणसाचा जीव घेते, आणि वस्तूच्या वयाने तिचा धोका कमी होत नाही.

१९७१ पासून ठासणीच्या शस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरू लागल्या. त्यांत केपाच्या रिव्हॉल्वरसाठी पंचवीस मीटरचा सामना मॅरिएट या बेल्जमच्या जुन्या बंदूकगराच्या नावाने चालतो: अर्ध्या तासात तेरा बार, त्यांतले उत्तम दहा धरावयाचे. अस्सल शस्त्रे व प्रतिकृती यांची प्रतवारी निरनिराळी ठेवलेली आहे, आणि सामन्यापूर्वी पंच प्रत्येक प्रतिकृती हातात घेऊन तिची नळी, मूठ, माशी मूळ नमुन्याशी ताडून पाहतात. नेम सुधारावा म्हणून जिच्या घडणीत मूळ नमुना सोडून फेरफार केला असेल, ती प्रतिकृती सामन्यात घेतली जात नाही.